ओतारी गल्लीचा नळ

१४ ऑक्टोबर १९५९
झालो चेअरमन. एका मताने! कॉफी भाजणारा माणूस तंजावर म्युनिसिपालिटीच्या खुर्चीत. दुकानात हारांचा ढीग, कॉफीचा वास पार मेलाय. तारलं ते ओतारी गल्लीचा कौन्सिलर गोविंदसामी याच्या मताने. पितळी समया ओततो, चौदा वर्षं रोज सकाळी माझ्या दुकानाच्या ओट्यावर कॉफी पितो. मत मागताना दहा जणांसमोर तमिळमध्ये त्याला शब्द दिला, यंदाचा नळ तुझ्या गल्लीला. आणि लगेच मेहुण्याला, सेतूला (तोही कौन्सिलर), मराठीत म्हटलं, "म्हणायचं एवढंच. नळ तुझ्याच गल्लीला." गो. शेजारीच कॉफी वरखाली ओतून निववत होता. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांची खोडच ही. कुणाच्या कानात बोलायची गरज नाही, मराठीत बोललं की झालं.

१६ ऑक्टोबर
अभिनंदनाला घरी मंडळी होती. आई खुर्चीत बसून कुरकुरली, "पंखा कुठं गेला माझा?" कुणाचं लक्ष नाही. गो. उठला, खिडकीतला पंखा तिच्या हातात दिला.
"हा घ्या, आई. वारं घालूं काय?"
मराठीत! बायकोच्या, कावेरीच्या हातून कॉफी सांडली. सेतू तोवर गेला होता, बरं झालं. गो.ची आई पापनाशमला एका मराठी घरी धुणीभांडी करायची. हा दहा वर्षांचा होईतो त्याच अंगणात वाढला. म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?
"तुम्ही माझ्याशी मराठींत कधी बोल्लां, रावजी?"

१७ ऑक्टोबर
चौदा वर्षं. काय काय बोललो असेन त्याच्या तोंडावर! त्याच्या धोतरावरून, दम्यावरून. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून तो पेढे घेऊन आला, तेव्हा पेढा खात खात सेतूला म्हणालो होतो, "त्या काळ्या ढेकळाला कोण पदरात घेणार?" आम्ही हसलो. गो.ही हसला. मला वाटलं, आम्ही हसतोय म्हणून हसतोय बिचारा.
स्वतःची किळस येते आहे. कावेरी म्हणते, झालं ते झालं, जेवा. नाही जेवलो.
आणि मग नळाचंही त्याला कळलंच असणार. कळूनही मत दिलं? का? डोकं चालेना. आजची भाजणी करपवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१९ ऑक्टोबर
ओतारी गल्लीत गेलो. मत मागायलासुद्धा इथे पाऊल टाकलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला एक विहीर, बायकांची रांग पार देवळापर्यंत. मला बघून घागरी बाजूला केल्या, वाट दिली. चेअरमन ना मी!
गो. मातीचा साचा फोडत बसला होता. सरळ विचारलं, कळलं होतं तर मत का दिलंत?
"मराठींत बोल्लां ते सेतूरावांना. तमिळांत बोल्लां ते मला, दहा जण ऐकले. मी माझंच धरलों."
म्हटलं, आणि मुलीबद्दल... त्याने हातातला साचा खाली ठेवला.
"तें घरीं सांगट्लों नाही."
तेवढ्यात तीच मुलगी कॉफी घेऊन आली. पूड माझ्याच दुकानची. पेला रिकामा करून उठलो.

२१ ऑक्टोबर
उद्या दहाला मीटिंग. नळ एकच, ठराव मी मांडायचा. सेतू सकाळीच दुकानात. त्याच्यामागे दोन मतं आहेत. तो फिरला तर खुर्ची गेली. गो. काही धमकी देत नाही, हीच पंचाईत. दिली असती तर दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.
गो.ला मराठी येतं, हे सेतूला अजून सांगितलेलं नाही. का, ते मलाच कळत नाही. तो बोलत असतानाच गो. नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. सेतू त्याच्याकडे बोट करून, मराठीत, मोठ्याने, "ह्याला अजून पत्ता नाही कीं, भावजी! पुढल्या वर्षी बघूं म्हणून सांगा, मान डोलवंल."
गो. कॉफी निववत राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. सेतू हसला आणि मीही हसावं म्हणून थांबला.
नाही हसलो. गिऱ्हाईक आलं, मी पूड जोखायला वळलो. वळून बघेपर्यंत ओट्यावर रिकामा पेला.
ठरावाचा कागद समोर आहे. गल्लीचं नाव सोडून सगळं लिहून झालं.