बंदरावरच्या दिव्याला टोपी

सोम. २४ नोव्हें. ८६
बंदरावर दिवा लागला एकदाचा. आम्ही मासळीवाल्यांनी सरपंचांच्या मागे लागून आणवला. पांढराफेक उजेड, वाळूतली सुई दिसेल. आता सांजच्याला गिऱ्हाईक मासळी नीट बघून घेतं. माझी ताजीच असते. शेजारच्या काशीची पंचाईत झाली. तिला सांगितलं नाही, इथे लिहिते.

बुध. २६
दत्तू, माझा मुलगा, रागातच घरी आला. खाडीच्या तोंडाशी होडी खडकाला घासली. आमची माणसं डोंगराची काळी पाठ बघून होडी आत घेतात, सासऱ्यांपासून तसंच. आता समोरून दिवा डोळ्यांत येतो, डोंगरच दिसत नाही. म्हणे, "आये, दगड मारून फोडतंय तो." मी म्हटलं, फोड, मग तुझी बायको मासळी चाचपून विकेल. सून पदरात हसली. पण होडीची चीर बघितली आणि तिच्यावरून हात फिरवत बसले.

शुक्र. २८
उजेड वाळूवर हवा, समुद्राला कशाला? चुलीला नाही का आपण आडोसा लावत. काल वायरमनला चहा पाजून मासळीची टोपली दिव्यावर पालथी बांधून घेतली. तर सगळ्या बंदरावर ठिपके! काशी म्हणाली, "वयनी, बंदराला गोवर उठली गो." टोपलीतून पाणी गळतं, तर उजेड गळणारच. माझंच डोकं. हसून पोट दुखलं. आज तेलाचा पत्र्याचा डबा कापून आणला, आतून पांढरा रंग दिला.
सरपंचांना पसंत नाही. दिवा लांबून दिसायला हवा म्हणे. "काकी, गावाची शान झाकून ठेवतेस?"
"शान होडीतून धड घरी येऊ दे आधी."
ते डबा उलटापालटा करून बघायला लागले.

रवि. ३०
डबा काल बसला. उजेड खाली वाळूवर, गोल, आमच्या पाट्यांपुरता. उलट जास्तच वाटतो. समुद्राकडे काळोख. चांदण्या परत दिसायला लागल्या, मी विसरलेच होते त्यांना.
सरपंचांची अट: आज दत्तूची होडी सरळ आली तर डब्याची टोपी राहील, नाहीतर काढायची. उद्या अवस, काळोख दाट. दत्तू जाताना म्हणाला, डोंगर दिसला तर सरळ आत येतंय. दिसणारच.
सून मघापासून दारात उभी, नजर खाडीवर. तिला म्हटलं, बघत काय राहिलीस, आधण आलंय, तांदूळ वैर. त्याच्यासकट सगळ्यांचे.