लेकीची पाळी आणि बापाची तारांबळ

अन्फूशी, अलेक्झांड्रिया

माझ्या थोरल्या अवातिफताईला धाकट्या मुतवल्लीचा सलाम.

अल्लाह तुला आणि भावोजींना सुखात ठेवो. तुझे गुडघे आता तरी तुझं ऐकतात का? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इस्माइलियाहून पाठवलेले आंबे पोचले. पेटीतले वरचे फार गोड होते, खालच्यांबद्दल मी काही बोलत नाही. इकडे जुमाना आणि मी मजेत आहोत. (एप्रिलपासून अजिबात मजेत नव्हतो, पण पत्राची सुरुवात अशीच करायची हे आईनं शिकवलंय.)

तर ताई, झालं असं. इनाम गेली आणि घरात आम्ही बापलेक दोघंच उरलो, तेव्हापासून मी आणि जुमाना एक न बोललेला करार पाळत आलो. दर महिन्याला मी औषधाच्या दुकानातून ते पुडकं आणतो (कसलं ते तू समजून घे), वर्तमानपत्रात गुंडाळून न्हाणीघरातल्या कपाटात ठेवतो आणि ते आपोआप संपतं. ती काही बोलत नाही, मी काही विचारत नाही. ही सोळा वर्षांची पोरगी क्लबात माझ्याहून जड वजनं डोक्यावर उचलते, पण या विषयावर आम्ही दोघंही मुके. एप्रिलात एकदा साबण शोधायला कपाट उघडलं, तर तीन पुडकी एकावर एक, एकही फोडलेलं नाही. मी तिथंच पालथ्या बादलीवर बसलो.

अशा वेळी बापाच्या डोक्यात काय काय येतं ते विचारू नकोस. आधी वाटलं, कुणी मुलगा तर नाही? (या विचाराची मला लाज वाटली, तरी तो आलाच.) मग इनाम आठवली. तिनंही पोटाचं दुखणं वर्षभर अंगावर काढलं, कुणाला चकार शब्द सांगितला नाही. आपल्याला कळलं तेव्हा डॉक्टरांनी मान खाली घातली होती. त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. दुकानात पिठात मीठ दोनदा पडलं, फतीरची पोळी भट्टीत करपली, आणि नेहमीची गिऱ्हाइकं पापुद्रे सोलत माझ्याकडे संशयानं बघायला लागली. जुमानाला रोज विचारायचो, "सगळं बरं आहे ना?" ती म्हणायची, "हो बाबा." आणि काकडी खायची. फतीरवाल्याची मुलगी, आणि कित्येक महिने नुसत्या काकड्या! हेसुद्धा मला तेव्हा खटकलं नाही. मला वाटलं, उकाडा आहे.

शेवटी धीर करून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. दुकानात ही गर्दी. मी काउंटरवर वाकून हळूच म्हटलं, "ओळखीतल्या एकाला जे व्हायला हवं ते होत नाहीये." तो म्हणाला, "किती दिवस?" म्हटलं, "तीन महिने." त्याच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. "तीन महिने झालं नाही? आणि माणूस जिवंत आहे?" मी म्हटलं, "जिवंत म्हणजे? रोज वजनं उचलतोय!" तेव्हा तो ओरडलाच, "वजनं उचलू देऊ नका हो त्याला!" साऱ्या दुकानाने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी एरंडेलाची मोठी बाटली घेऊन घरी आलो.

मग मी त्याहून मोठा गाढवपणा केला. वरच्या मजल्यावरच्या दौलतबाईंना सांगितलं. त्या मरव्याचा काढा घेऊन खाली आल्या, जुमानाला उभी-आडवी न्याहाळली आणि म्हणाल्या, "पोरी, खरं सांग, कोण आहे तो?" जुमानानं काढ्याचा पेला टेबलावर असा आपटला की बशी तडकली. दौलतबाई गेल्यावर माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

"मला का नाही विचारलं?"

"कसं विचारणार?"

"तोंडानं!"

आणि ताई, एवढी दांडगी पोर तिथंच बसून रडायला लागली. म्हणाली, "मलाही भीती वाटते. आईला झालं तेच मला झालं असेल तर?" ती इतके दिवस एकटीच भीत होती, आणि मी भिंतीपलीकडे एकटाच. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि दोघं डॉक्टर मग्दांकडे गेलो.

तिथं वीस गरोदर बायका आणि मी. (त्यातली एक सरकून मला जागा देत होती, माझं पोट बघून.) डॉक्टरीणबाईंनी आधी जुमानाशी एकटीशी बोलून घेतलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, मग मला आत घेतलं. म्हणाल्या, "पाळी थोडी पुढं-मागं होतेच. परीक्षा असते, प्रवास असतो, ताप येऊन गेलेला असतो. एवढ्यानं घाबरायचं नाही. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी ती तपासणी करायची. पण नियमित येणारी पाळी तीन महिने आलीच नाही, तर घरात बसून काढे प्यायचे नाहीत, दाखवायला यायचं. आणि पोटात असह्य दुखलं, चक्कर आली किंवा फार रक्त गेलं तर त्याच दिवशी." मी विचारलं, "हिच्या आईचं..." त्या म्हणाल्या, "तसलं काही नाही. ही उपाशी आहे."

उपाशी! माझ्या घरात! क्लबात शिकवणाऱ्या कॅप्टन शौकींनी तिला खालच्या वजनगटात उतरायला सांगितलं होतं म्हणून पोरगी उपाशीपोटी लोखंड उचलत होती. खाणं कमी आणि मेहनत अफाट झाली की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि असंच चाललं तर हाडंही ठिसूळ होतात, असं बाई म्हणाल्या. मी तडक क्लबात निघालो, पण जुमानानं मला दारातच थांबवलं आणि स्वतः आत गेली. बाहेरूनच ऐकलं, "कॅप्टन, मी वरच्या गटात खेळणार. तिथं हरले तरी जेवून हरेन."

पूर्ववत व्हायला वेळ लागेल असं बाई म्हणाल्याच होत्या. रोज मी तिच्या तोंडाकडे बघायचो, ती डोळे वटारायची. गेल्या आठवड्यात दुकान गच्च भरलेलं असताना ती धावत आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, आली!" एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काय, वीज?" मी म्हटलं, "हो." आणि त्या दिवशी सगळ्यांच्या फतीरवर मध जास्त घातला.

भावोजींना सलाम सांग. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा भाऊ,
मुतवल्ली

ता. क. खरं तर पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की आठ दिवस तू इकडे येऊन राहा. पोरीला बायकांच्या चार गोष्टी समजावून सांगायला घरात कुणीतरी बाई हवी. मी पाळी हा शब्द आता लिहू शकतो, पण त्यापुढं माझी गाडी सरकत नाही.

ता. क. २. आत्या, मी जुमाना. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मला काही समजावायला नको, डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलंय. तू ये, पण बाबांसाठी. दोन महिने झाले, जिना चढताना ते मध्येच थांबून छातीवर हात ठेवतात, आणि कुणालाही सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. मी नुसतं सांगून ते ऐकत नाहीत, उचलून डॉक्टरकडे न्यायची मात्र माझी तयारी आहे. तू दुसरी बाजू धर. आंब्यांसाठी थांबू नकोस, या शुक्रवारीच निघ.