उजवीकडेच वळणारी गाडी

मु. सायवन, ता. डहाणू

चि. मनिष यास,

सुदामभावजींचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुझ्या लाडकीताईचा गुडघा सोडून (त्या गुडघ्याचा तुझ्याशी थोडा संबंध आहे, तो पुढे येईलच). तिकडे चिंचणीला तू, संगिता आणि दोन्ही पोरं मजेत असाल. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर मी एका ठरावीक विषयाकडे वळलो की तुझी रेंज जाते. माझी गेली तर समजू शकतो, मी सायवनला राहतो. पण तू कारखान्याच्या टॉवरखाली राहतोस. कागदाची रेंज जात नाही, म्हणून हा खटाटोप.

सर्वांत आधी तुझे आभार. मनापासून म्हणतोय, टोमणा समजू नकोस. आपली पिकअप पूर्वी शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखी मान खाली घालून उभी असायची. दिवाळीत तू पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी ठोकळे बसवलेस आणि तिचं नाक मागच्या हौद्याच्या पातळीला आणलंस. तिथेच थांबला असतास तर हे पत्र एका ओळीत संपलं असतं. पण गाडी ताठ झाली की तिला पायही तसेच हवेत, असं तुझं म्हणणं पडलं आणि तू मोठे टायर आणलेस. काय टायर होते ते. पाड्यातली माणसं हात लावून पाहून गेली. शेजारचा काकड्या तर म्हणाला की याची एक फेरी शेतातून झाली तर नांगर लागायचा नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. उजवीकडे गाडी लोण्यासारखी वळते, पण डावीकडे स्टिअरिंग पुरतं फिरवलं की टायर आतल्या पत्र्याला घासतो आणि बोकड ओरडल्यासारखा आवाज येतो. मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, घासून घासून आपोआप जागा होईल. (जागा पत्र्याला होईल की टायरला भोक पडेल, ते त्याने सांगितलं नाही.) शिवाय वेगाचा काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी त्याच्या कितीतरी पुढे असते, त्यामुळे मी हल्ली सगळीकडे लवकर पोचतो आणि लोकांना वाटतं मला काही काम नाही. आणि उंची. लाडकीने पहिल्यांदा चढताना गुडघा दारावर आपटला. तेव्हापासून आमच्याकडे चिकूचं एक रिकामं क्रेट पायरी म्हणून गाडीसोबत फिरतं.

आता मुख्य हकीकत. माझ्या थोरल्या भावाच्या, हाल्यादादाच्या लेकीचं, दक्षाचं लग्न तलासरीच्या अंगाला त्याच्या पाड्यावर होतं. तू आला नाहीस. कारखान्यातल्या पाळीचं कारण सांगितलंस, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: मांडवात पाऊल टाकलं की म्हाताऱ्या तुलाच घेरतात. धवलेरी म्हणून आपली रखमी आजी ठरली होती आणि तिला आणण्याचं काम माझ्याकडे. तिने भिंतीवर लिहिलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून गाणी म्हटली नाहीत तर आपल्यात लग्न लागत नाही, हे तुला सांगायला नको. या भागात जुनी सगळी गाणी पाठ असलेली तीच एक उरली आहे. तिला वेळेत पोचवलं नाही तर दक्षा हळद लावून बसून राहील, या धास्तीने मला चहासुद्धा गोड लागेना.

आजीने गाडी पाहिली आणि विचारलं, चढायचं आहे की ताडी काढायची आहे. क्रेटवर क्रेट ठेवून, पुढून लाडकीने ओढून आणि मागून मी (आदराने) ढकलून तिला आत बसवलं. बसल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. कुंपणापलीकडची घरं, लोकांची अंगणं, कुणाकडे काय वाळत घातलंय, सगळं वरून दिसतं म्हटल्यावर ती खुलली आणि वाटेत गळा मोकळा करायला लागली. मी निवांत झालो. दादाच्या घराचं वळण आलं तेव्हा आठवलं की ते डावीकडे आहे.

वळण अरुंद, एका बाजूला पेंढ्याची उडवी. मी वळवायला गेलो, तर बोकड ओरडला आणि आजीने गाणं थांबवलं. मागेपुढे करायलाही जागा नव्हती. दादा अंगणातून हात हलवतोय, मी गाडीतून हात हलवतोय, आणि वऱ्हाडाच्या डोळ्यांदेखत धवलेरीला घेऊन मी सरळ पुढे निघून गेलो. दादाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मी ठरवलं, पुढे उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे, असं करत फिरून यायचं. ती वाट ओहोळातून जाते हे विसरलो होतो.

आणि ओहोळात, मनिष, नवरदेवाची जीप दगडावर पोट टेकून बसली होती. जवळच्या वाटेने यायला गेले आणि अडकले. नवरा तुक्या बाशिंग सांभाळत चाक ढकलत होता. मी दोर बांधला. तुझ्या टायरांनी त्या गोट्यांवर असा पाय रोवला की जीप हिसक्यासरशी बाहेर आली, फक्त खालून तेल सांडलं. मग नवऱ्याला हौद्यात चढवलं, वऱ्हाड त्याच्याभोवती उभं राहिलं, पुढे आजी गातेय, अशी आमची वरात उजव्या हाताच्या रस्त्याने मांडवात शिरली. लोकांना वाटलं, मी नवरा आणायलाच पुढे गेलो होतो. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. दक्षा हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, तुझे टायर नसते तर त्या दिवशी नवरा ओहोळातच राहिला असता. सगळ्या घराच्या वतीने तुझे उपकार मानतो.

तुझा,
सुदामभावजी

ता. क. जुने टायर तू नेलेस, त्यांचा पोरांसाठी झोका केलास असं कळलं. राहू दे. नवे मी आता परत देत नाही.

आणखी ता. क. लग्न लागल्यावर रखमी आजीने टायराला कुंकू लावलं आणि विचारलं, हे कुणाचं काम. तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "तेला सांग, माझा गला आहे तवर ये. मंग तुमचा कोन गाईल?" मनिष, इतकी वर्षं लग्न न लावताच तू आणि संगिताने घर मांडलंय, पोरं शाळेत जायला लागली, कुणी नावं ठेवली नाहीत आणि ठेवणारही नाही. पण म्हातारीचा आवाज आता वरच्या सुरात फाटतो, मी शेजारी बसून ऐकलाय. मला भीती वाटली.

शेवटचं. येत्या रविवारी तुमचा मांडव इथे, आमच्या अंगणात. चौक लिहायला सुवासिनी ठरल्या. संगिताला सगळं माहीत आहे, वार तिनेच सांगितला. तू फक्त अंघोळ करून थांब, मी सकाळी गाडी घेऊन येतो. तुमच्या गल्लीचं वळण उजवीकडे आहे, मी पाहून ठेवलंय.