दोन दारांची गाडी, दोन इंच वर

१० ऑगस्ट, रवि. अमरावती

दादाचा अकोल्याहून फोन. आठवड्यात तिसरा. "बेबी, सर्व्हिसिंग झाली काय गाडीची?"

"होऊन राहिली नं."

थाप. गाडी जूनपासून आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. सर्व्हिसिंगच्या नावाखाली मीच पळवून आणली, त्यानं चालवू नये म्हणून. मे महिन्यात त्यानं ती स्वतःच्याच घराच्या फाटकावर घातली आणि मला म्हणाला, फाटक पुढं आलं होतं. तीस वर्षं वकिली केलेला माणूस, आणि साक्ष ही अशी!

कंपवात. दोन वर्षं झाली. डॉक्टर स्वच्छ म्हणाले, रस्त्यावर गाडी चालवायची नाही. दादाला पाठ, मला पाठ. पण दुसरी चाबी अजून त्याच्या खिशात आहे, आणि त्या खिशात हात घालायची हिंमत कोणात नाही. माझ्यात तर नाहीच. चौपन्न वर्षांची झाले, कॉलेजात पोरं मला टरकतात, आणि दादासमोर अजून बेबीच.

१५ ऑगस्ट. अकोला

झेंडावंदन आटोपून सरळ बस धरली. जेवताना बोलून टाकलं. "दादा, चाबी दे."

वाटलं, ताट सरकवील. हसला. "देतो. एका अटीवर. तेल्हाऱ्याच्या वावरात, पांदणीनं, विहिरीपर्यंत मी सोता चालवत नेतो. एक डाव. मंग चाबी तुही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रस्त्यावर नाई, असं म्हणले. पांदण रस्ता हाय काय? तूच सांग."

वकिलाशी कोण भांडणार!

पण तिथंच तर अडलंय. पांदण म्हणजे दोन शेतांमधली ती दीड किलोमीटरची मातीची वाट. ट्रॅक्टरांनी दोन्हीकडून चर पाडलेत, मधे उंचवटा, आणि ही गाडी आधीच जमिनीला टेकलेली. पोट घासतं. पूर्वी हिवाळ्यात दर रविवारी जायचा. दहा वर्षं झाली, गाडी आत गेली नाही. आता चालत जाणंही गेलं. गजानन आमचं वावर ठोक्यानं, ठरल्या रकमेवर करतो, तो बिचारा फोनवर पराटीचे, उभ्या कपाशीचे फोटो पाठवतो. दादा दोन बोटांनी फोटो मोठा करायला जातो, बोटं थरथरतात, फोटो उडून भलतंच काही उघडतं. मग फोन उलटा ठेवून देतो.

मी ते बघत होते. "बरं," म्हणून बसले.

१७ ऑगस्ट, रवि.

इथल्या गॅरेजवाल्या शब्बीरभाईंकडे गाडी नेली. ही गाडी नवी असल्यापासून त्यांच्याच हाताखालची, दादा सर्व्हिसिंगला अकोल्याहून इथंच आणायचा. दादानं घेतली तेव्हा आई म्हणाली होती, दोनच दारं? मागच्यानं काय खिडकीतून उतरायचं? पुढं अख्ख्या अकोल्यात दादा 'दोन दारवाले वकीलसाहेब' झाला.

शब्बीरभाई ऐकून आधी हसले. "मॅडम, ये तो जमीन से चिपकके चलनेवाली गाडी है. इसको खडी कायको कर रहे?"

कारण सांगितलं. हसणं थांबलं. खाली झोपून पट्टीनं मापं घेतली. चारही स्प्रिंगांच्या वर जाड कड्या बसवायच्या, गाडी दोन इंच उचलेल. जास्त नाही, नाहीतर एक्सल तिरका पडतो, त्याचे रबर फाटतात. कड्या नांदगाव पेठेत लेथवर करून घ्याव्या लागतील. "पंधरा दिन."

दोन इंच. एवढ्यासाठी पंधरा दिवस. दादाचे पंधरा दिवस.

२ सप्टें.

कड्या आल्या. भोकं चुकली. परत नांदगाव पेठ.

संध्याकाळी फोन. आज शर्टाची वरची गुंडी लागली नाही म्हणे, तशीच सोडली. वकालतनाम्यावर सही करणं तर गेल्या वर्षीच बंद केलं त्यानं. दोन सह्या एकसारख्या येईनात.

मी काय करू बाप्पा? चिडले लेथवाल्यावर.

१४ सप्टें. रवि.

उचलली! लुगडं वर धरून नाला ओलांडणाऱ्या बाईसारखी दिसते. मला हसू आवरेना. शब्बीरभाईंनाही.

पण जुनी चाकं आता फारच बारीक दिसायला लागली. मी म्हटलं, मोठे टायर लावा. ते म्हणाले, "कायको मॅडम? जो है वो ठीक है." मी म्हटलं, लावा. इंटरनेटवर फोटो पाहिले होते, उचललेल्या गाड्यांना सगळीकडे मोठेच टायर असतात. चाकांवरच्या कमानीत गच्च बसले. रुबाब आला.

दादाला फोटो पाठवला. उत्तर आलं, "वा". एकच अक्षर, पण किती वेळ लागला असेल टाइप करायला.

२१ सप्टें. रवि.

बडनेऱ्यापर्यंत एकटीच चालवून आले. वळणावर डोलते. स्टेअरिंग डावीकडे ओढते. जीव मुठीत. हे म्हणाले, "बाईसाहेब, आधी स्वतःचा विमा काढा." नवरा म्हणून ठेवलाय, म्हणून ऐकते.

शब्बीरभाईंनी अलाइनमेंट करून दिली. आता सरळ जाते.

५ ऑक्टो. रवि. रात्री अकोला

लिहवत नाही. तरी लिहिते.

गजानननं परवाच फोनवर सांगितलं होतं. "ताई, पाऊस उघडला, पण माती वली हाय. आठ-दहा दिस थांबा." दादाला धीर नव्हता. खरं म्हणजे मला नव्हता. गुंडीचं ऐकल्यापासून मला रोज वाटायचं, उद्या काय जाईल त्याचं?

आज तेल्हाऱ्याला पांदणीच्या तोंडापर्यंत मी चालवली. तिथं जागा बदलली. दादानं पहिला गिअर टाकला आणि... माय वो, हात थांबला. गाडीत हात थरथरतच नव्हता! दोनशे पावलं असं नेलं मला, जसा मी कॉलेजला पहिल्या वर्षी होते तेव्हा न्यायचा. चर चुकवत, उंचवट्यावरून. पोट एकदाही लागलं नाही. मला म्हणाला, "घट्ट बस वं."

आणि मग गाडी जड झाली. आणखी जड. मग बसली. चाकं फिरेचनात. इंजिन ओरडतंय, दादा क्लच सोडतोय, धरतोय, पाय लटलट कापतोय. हातही पुन्हा सुरू.

"पायात जोर नाई राह्यला माह्या," म्हणाला.

गजानन ट्रॅक्टर घेऊन आला. वाकून पाहिलं. चाक आणि कमान यांच्यात काळी माती ठासून भरलेली, बोट घालायला जागा नाही. लोखंडी टॉमी लावून खरवडली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गाडी उचलली ते बराबर केलं. पण चाक मोठं कावून केलं? उचलून जी जागा भेटली, ते चाकानं खाल्ली. आमी पाऊस लागला का फटफटीचं मडगार्ड काढून ठेवतो. मातीले निघाले जागा पायजे."

मला माहीत होतं. हे मला माहीत होतं! बाबा जूनमध्ये सायकलचं मडगार्ड काढून मागच्या पडवीत खुंटीला टांगायचे, ते दिवाळीला परत लावायचे. त्याच्या खाली बसून मी अभ्यास केलाय. आणि इंटरनेटवरचे फोटो बघून चाकं घेतली. शिकलेली मूर्ख.

दादा तेवढा वेळ गाडीतच बसून होता. ट्रॅक्टरनं आम्हाला उलटं ओढत बाहेर काढलं, तेव्हाही स्टेअरिंग धरून.

६ ऑक्टो.

दादाला सकाळी सगळं सांगितलं. टायर, माती, मडगार्ड. "चूक माझी होती. तुझे पाय नाही."

"तू माह्यासाठी बोलून राहिली."

"गजाननला विचार."

"तो बी माह्यासाठीच बोलन. घरचा साक्षीदार." आणि पेपर उघडला. पेपर थरथरत होता.

परत येताना मूर्तिजापूरपर्यंत रडले. मग मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

१२ ऑक्टो. रवि.

जुने टायर परत. शब्बीरभाईंनी कमानीच्या आतलं प्लास्टिकही काढून टाकलं. आता पूर्ण पंजा आत जातो. "मैने बोला था" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

फोनवर दादाला सांगितलं. "बरं" म्हणाला. गाडीबद्दल एक प्रश्न नाही. जो माणूस ऑगस्टमध्ये आठवड्यात तीनदा विचारायचा.

२३ ऑक्टो. गुरु. भाऊबीज. अकोला

ओवाळलं. कुंकू लावताना त्याचं डोकं हलत होतं, दुसऱ्या हातानं हनुवटी धरून लावलं. लहानपणी तो मुद्दाम हलवायचा.

ताटात दरवर्षी साडी असते, आधीच आणून ठेवलेली. आज त्यानं खिशात हात घातला. बराच वेळ चाचपलं. आणि चाबी ठेवली ताटात. सुपारीशेजारी.

"दादा, हे काय?"

"मागतली होती नं तू?"

"अट काय होती? विहीर कुठं झाली?"

"राहू दे. लय झाली विहीर."

मी चाबी उचलून त्याच्या हातात द्यायला गेले. हात मागे घेतला त्यानं. "ओवाळणी परत करतेत काय वं?"

नाही करत. कोण करतं? बहिणीनं ओवाळणी परत केली तर भावाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे त्याला माहीत होतं म्हणूनच आजचा दिवस धरला. असं बांधून टाकलं मला, की बोलायची सोय नाही. मला तीच तर चाबी हवी होती. मे महिन्यापासून हीच हवी होती. आणि आता ती पर्समध्ये आहे तर पर्स उघडवत नाही.

अनारसे केले होते, एकही खाल्ला नाही त्यानं. मीही नाही.

२ नोव्हें. रवि. अमरावती

पेपर तपासायचे राहिलेत. गाडी ताडपत्रीखाली. दोन्ही चाब्या देव्हाऱ्यात ठेवल्या. का, ते विचारू नये. हे म्हणाले, "त्यांनी सोडलं तर तू का धरून बसलीस? सुटलीस की." बरोबरच आहे. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा किती राग येतो!

सुटले नाही. माझ्या हौसेच्या टायरांपायी तो समजून बसलाय की पाय गेले. पाय जातील, हात जाईल, सगळं जाईल, मला कळतं, मी थांबवू शकत नाही. पण हे मात्र गेलेलं नव्हतं.

९ नोव्हें. रवि.

गजाननचा फोन. "ताई, पांदण खडखडीत वाळली. कापूस वेचून राह्यले. भाऊले घेऊन या."

दादाला विचारलं. "मले नाई यायचं." फोन ठेवला. इतकं तुटक कधी बोलला नव्हता.

१५ नोव्हें. शनि. अकोला

गाडी घेऊन आले. रस्त्यात दोनदा थांबून एक्सलचे रबर बघितले. शाबूत.

दादाला सांगितलं, गजाननकडे जेवायला बोलावलंय उद्या, पुरणाचं करतोय तो, नाही म्हणू नको. थाप. सर्व्हिसिंगच्या थापेनं गाडी नेली होती, पुरणपोळीच्या थापेनं परत आणली. गजाननला मागून फोन करून बजावलं. तो म्हणाला, "मंग आता करा लागते नं पोळी."

दादा गाडीकडे बघून म्हणाला, "जुने टायर लावले?" बस. पण बघितले तर खरे.

१६ नोव्हें. रवि. तेल्हारा, स. १०.४०

पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवली. उतरले, फिरून त्याच्या बाजूला गेले, दार उघडलं. "ऊठ. तिकडे बस."

"ओवाळणीत देली ते देली."

"दिलीस नं? मग गाडी माझी. माझ्या गाडीत कोणाला कुठं बसवायचं ते मी ठरवीन."

वकिलानं आधी एक पाय बाहेर टाकला. काठी टेकत फिरून आला. एक झालं, गाडी वर आल्यामुळे वाकावं लागलं नाही. पूर्वी आत घुसायला मांडी हातानं धरून आणायचा. आता सरळ बसतो. "हे बरं केलं," म्हणाला. सीटला म्हणाला की मला, माहीत नाही.

इंजिन त्यानंच चालू केलं. चाबी माझा हात न लागता लागली, तिसऱ्या खेपेला. मग म्हणाला, "थांब. दोन मिंटं."

म्हटलं, थांबलेच आहे.

पार पलीकडं विहिरीजवळच्या बाभळीखाली ठिपक्याएवढा गजानन दिसतोय. दुपट्टा हलवून राहिला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलाय, बाया वेचता वेचता थांबून बघताहेत. चर कोरडे, कडक. काही अडचण नाही. आज गाडीचं काही कारण सांगता येणार नाही, दोघांनाही.

दहा मि. झाली. पाय क्लचवर. हात गिअरवर, आणि गिअरची मूठ त्याच्यासोबत थरथरून राहिली. त्या दिवशी पहिला गिअर पडताच थांबला होता हात. आज अजून गिअर पडलाच नाही. माझा हात त्यावर ठेवावा असं सारखं वाटतं. ठेवला तर तो माझा हात होईल, त्याचा नाही.

पर्समधून वही काढली. त्यानं विचारलं, "काय लिहून राहिली?"

"पेपर तपासायचे आहेत, त्याची यादी."

"लिही," म्हणाला. "निघालो का मी सांगतो तुले."

पंधरा मि. इंजिन चालू आहे. मी लिहीत बसले आहे, म्हणजे त्याच्या हाताकडे बघावं लागत नाही.