वहिनी, गाऱ्हाणं पुरं झालं

प्रिय वहिनी,

तू असतीस तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. काल किनाऱ्यावरून तडक घरी आलो असतो, चुलीपुढे फतकल मारली असती आणि अडखळत, थांबत सगळं तुझ्या कानावर घातलं असतं. तू भाकरी थापता थापता, मानही न वळवता विचारलं असतंस, "बरां, मगे काय झाला?" काल घरी आलो तर खरा, पण सांगू कोणाला? आई किनाऱ्यावरच होती. अख्खा गाव किनाऱ्यावर होता. ज्याला ठाऊक नाही असं एकच माणूस उरलं, आणि ते तू. म्हणून हा कागद.

वहिनी, काल नारळी पुनवेला मी गाऱ्हाणं घातलं. पुरं घातलं. शेवटच्या शब्दापर्यंत!

तुला पहिली पुनव आठवते ना? तू नवी नवरी होतीस. दादा तुला आमच्यात सोडून आगबोटीने मुंबईला परत गेला होता आणि बाबा ज्येष्ठात वारले होते. गाऱ्हाण्याचा मान आपल्या घराचा. दादा मुंबईला, म्हणजे उरलो मी. सगळा गाव जमलेला असताना पुढे उभं राहायचं, देवाला आणि समुद्राला हाक मारून गावासाठी मागायचं, दर मागण्याला गावाने "होय म्हाराजा" म्हणायचं, मग नारळ पाण्यात जायचा आणि त्याच्या मागून होड्या. बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा पार खाडीपर्यंत ऐकू जायचं. आणि त्यांच्या पोटी मी, साधं स्वतःचं नाव सांगताना घामाघूम होणारा! ग आणि न ही दोन अक्षरं तर माझ्या मुळावरच उठलेली. पण नाही कोणाला म्हणणार? नाही म्हणायलाही न लागतो.

सुरुवात बरी झाली होती. "येतल्या वर्सात ह्या गावार रोगराई, वादळवारो येवंक" इथपर्यंत आलो आणि अडकलो. पुढचा शब्द 'नको'. तो काही केल्या येईना. आता आपल्या लोकांची खोड तुला माहीत आहे. गाऱ्हाण्यात आवाज थांबला की मागणं संपलं, असं धरून चालायचं. माझा आवाज थांबला मात्र, सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "होय म्हाराजा!"

झालं! गावाने देवाकडे रोगराई आणि वादळ मागून घेतलं, तेही हात जोडून.

काकाने पुढे होऊन कसंबसं सावरलं, नारळही दिला. पण बायकांच्या घोळक्यात तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस, ते मी पाहिलं. मला तुझा असा राग आला होता म्हणून सांगू! दोन महिने तुझ्या हातचं मुकाट्याने जेवलो आणि तुझ्याकडे पाहिलं नाही. त्यातच दिवाळीच्या आधी वादळ झालं आणि दोन होड्या फुटल्या. माणसं वाचली, पण बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? मागून घेतलं ते मिळालं, असं म्हणत लोक माझ्याकडे बघायचे. मी देवळात जायचं सोडलं. त्यानंतर गाऱ्हाणं काकाच घालू लागला.

तुझं हसणं कशाचं होतं ते फार पुढे कळलं. मीच एकदा फणकाऱ्याने विचारलं, तर तू म्हणालीस, "तुमका कोण हसता? एवढो शाणो गाव, आणि रोगराईक होय म्हणान मोकळो झालो!" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्या पुनवेला चूक माझ्या एकट्याची नव्हती.

पण त्याच्या आधी मिठाची भानगड झाली. तू मला दुकानात गूळ आणायला धाडायचीस आणि मी मीठ घेऊन यायचो. पुन्हा धाडलंस, पुन्हा मीठ. घरात मिठाचे डबे भरले तरी मला वाटायचं, ही बाई भोळी आहे, हिला काय कळतंय! तुला सगळं कळलं होतं. दुकानदारासमोर ग येत नाही आणि म येतो, म्हणून मी गुळाच्या जागी मीठ मागतो, हे तू न विचारता ओळखलंस. रागावली नाहीस, आईला सांगितलं नाहीस. वेंगुर्ल्याहून येताना आणलेल्या तुझ्या वह्यांमधली एक कोरी वही काढलीस आणि माझ्यापुढे ठेवलीस.

तू स्वतः रोज लिहायचीस हे मला ठाऊक होतं. नवरा मुंबईला, घर परकं, मग रडण्यापेक्षा लिहिलेलं बरं, असं तू आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. पण मला वही? मी काय शाळेत आहे? तू म्हणालीस, "भावजीनू, जा झाला ता लिवा. मगे खाली एक ओळ मारा आणि उद्या काय करतलात ता लिवा. कोण वाचूचा नाय. मीसुद्धा नाय."

पहिल्या दिवशी काय लिहिलं सांगू? "आज वहिनीने वही दिली. डोक्याला ताप." ओळीखाली काहीच नाही. पुढचे कित्येक दिवस वरती नुसत्या शिव्या आणि खाली कोरं. दुकानदाराला, काकाला, मास्तरांना, देवाला, सगळ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. आणि गंमत बघ, लिहिताना एकही शिवी अडकली नाही! ग वरच्या तर फार छान उतरल्या.

मग एक दिवस शिव्यांचाही कंटाळा आला आणि ओळीखाली लिहिलं, उद्या गूळ मागणार. गेलो. ग वर अडकलो, दुकानदाराने घाईघाईने माझा शब्द पुरा केला आणि गहू बांधून दिले. मी गहू घेऊन आलो. तू पिशवीत बघितलंस आणि इतकंच म्हणालीस की आज घावनांऐवजी चपात्या होतील. मी वहीत लिहिलं, गूळ नाही, पण गव्हापर्यंत पोचलो. वहिनी, कित्येक वर्षांत मी स्वतःवर पहिल्यांदा हसलो होतो. त्याच्या पुढल्या खेपेला गूळ आला. तू त्याची नारळाच्या रसातली खीर, आपलं गोडशे, केलीस आणि काही न बोलता मला जास्त वाढलंस. त्याला चव कसली होती म्हणून विचारतेस?

खरं काम पुढे झालं. एका पावसाळ्यात अशी झड लागली की शेतात उतरता येईना, म्हणून बसल्या बसल्या सगळी वही चाळली. वाचता वाचता लक्षात आलं की बैलांशी बोलताना मी कधीच अडकत नाही. तुझ्या लेकीला, छबीला, खेळवताना नाही. तुझ्याशी बोलताना अडकतो, पण शब्द येतो. आणि अडकून मरतो कुठे? जिथे समोरचा माझा शब्द पुरा करायला टपलेला असतो तिथे. तो माझ्या आधी पोचायला धावतो, मी त्याच्या आधी पोचायला धावतो, आणि दोघांच्या पायात शब्द! मी इतकी वर्षं ग ला आणि न ला शिव्या घालत होतो. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? दोष घाईचा होता.

त्या दिवशी ओळीखाली लिहिलं, उद्या काकाला सांगणार, माझं बोलणं होईपर्यंत थांब. सांगितलं! काका आधी चिडला, मग गप्प झाला, मग थांबला. थांबलेला काका मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पुढे दुकानदाराला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. तो कंडक्टर तर हसून म्हणाला, तिकिटाक काय पाय फुटतत? सावकाश सांग.

आणि इतकं सगळं जुळून येत असताना तू गेलीस. तुझ्या आईच्या आजारपणाला म्हणून माहेरी वेंगुर्ल्याला गेलीस, ती बरी झाली आणि तापाने तूच गेलीस. ही काय रीत झाली, वहिनी? निदान एक पुनव थांबायचंस की!

तुझ्या तेराव्याला तुझी आई माझ्यापुढे बसून होती. माझ्या लेकीबद्दल दोन शब्द सांगा, म्हणाली. माझ्या तोंडातून एक अक्षर फुटलं नाही. मी उठून विहिरीकडे गेलो आणि ओक्साबोक्शी रडलो. त्यानंतर महिनाभर वहीत वरती एकच वाक्य असायचं, वहिनी नाही. आणि खाली काय लिहिणार? उद्याही नसणारच.

आषाढात काकाला दम्याने धरलं. मानकरी घरी आले. माझ्याकडे बघून त्यांनी सरळ सांगितलं. काकाला जमायचं नाही. यंदा बाबल गाऱ्हाणं घालत असेल तर घालो, आणि पुन्हा तसंच झालं तर मान दुसऱ्या घराला जाईल. दादाने मुंबईहून कळवलं की उगाच हसं करून घेऊ नकोस, देऊन टाक मान. आई बाबांच्या खुंटीवरच्या उपरण्याकडे बघत राहिली.

मी वही घेऊन बसलो. वरती लिहिलं, मला भीती वाटते. मग विचार केला, भीती कशाची? अडकण्याची? मी रोजच अडकतो, आणि अडकून कोणी मेलेलं नाही. भीती गावाच्या त्या होय ची होती. मग जे काकाला सांगितलं, ते गावाला का नाही सांगायचं?

काल दुपारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. होड्या रंगवून, पताका लावून ओळीने उभ्या. मी बाबांचं उपरणं खांद्यावर घेऊन पुढे झालो. कुठे कुठे कुजबुज झाली, ती मी ऐकली. गाऱ्हाण्याला हात घालण्याआधी गावाकडे तोंड केलं आणि सावकाश, दोनदा अडकून, बोललो.

"मी अडकतंय ता सगळ्यांका ठावक आसा. आज पण अडकतलंय. मी हात वर केल्याशिवाय होय म्हणा नकात. तवसर थांबा."

कोणी हसलं नाही, वहिनी. एकही माणूस हसला नाही.

मग समुद्राकडे वळलो. "बा देवा म्हाराजा, आज ह्या नारळी पुनवेक तुजी लेकरा तुज्या पायाकडे इली हत रे म्हाराजा!" हात वर केला. "होय म्हाराजा!" शेतं झाली, माड झाले, मुंबईला गेलेली पोरं झाली. आणि मग तेच वाक्य आलं. रोगराई, वादळवारो येवंक... अडकलो. अगदी त्याच जागी! जीभ टाळूला चिकटलेली.

मी धावलो नाही. आणि गावही धावला नाही. सगळी माणसं उभी होती, म्हातारे, बायका, होडीवर चढून बसलेली पोरं, आणि सगळी गप्प. मागे काका खोकला दाबत होता. लाट आली, परतली, पुन्हा आली. कोणी माझा शब्द पुरा केला नाही. माझ्यासाठी आयुष्यात कोणी इतका वेळ थांबलं नव्हतं, आणि काल एक अख्खा गाव थांबला.

"नको रे म्हाराजा!"

मी हात वर केला आणि जो होय उठला, तसा मी बाबांच्या वेळीही ऐकला नव्हता. नारळ पाण्यात गेला, होड्या सुटल्या. काकाने मला मिठी मारली आणि एवढा खोकला की मलाच त्याला धरावं लागलं. मान आपल्या घरात राहिला, वहिनी. तोतरं बोलणाऱ्या माणसाने राखला, आणि तोतरं बोलूनच राखला!

हे सगळं तुझं आहे, असं मी म्हणणार नाही. तू म्हणूही दिलं नसतंस. लिहिलं मी, अडकलो मी, उभा राहिलो मी. पण त्या मिठाच्या दिवशी तू मला ओरडली असतीस ना, तर आजही मी मीठच आणत असतो.

तुला एक वचन देतो. तुझ्या वर्षश्राद्धाला मी वेंगुर्ल्याला जाणार आहे. छबीला घेऊन तुझ्या आईसमोर बसणार आहे. तेराव्याला तिने मागितलेले दोन शब्द तिचे माझ्याकडे राहिले आहेत. ते मी माझ्या तोंडाने सांगेन, दोन नाही, पोटभर सांगेन. तुझ्या नावातच न आहे, तिथे मी नक्की अडकेन. अडकेन तर अडकेन. म्हातारी थांबेल, आणि तुझं नाव पुरं घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझा भावजी,
बाबल