बिस्किट जेवला का?

१७ ऑगस्ट १९९७, रविवार

गेली! बस येईपर्यंत दोघी एका बाकावर बसलो होतो आणि बोललो ते एवढंच —

"ममा, बिस्किटला वेळेवर खायला घाल. एवढं एक कर माझ्यासाठी."

"स्वतःचं लटांबर माझ्या गळ्यात मारून अलास्काला मासे कापायला निघालीस. जा!"

'जाऊन ये' म्हणायचं होतं. नुसतं 'जा' आलं तोंडातून. एकोणीस वर्षांची पोर, मागे वळूनही बघितलं नाही तिने. मी तरी हात कुठे हलवला?

घरी आले तर स्वयंपाकघराच्या भिंतीत उंदीर खुडबुडत होते. तेवढाच आवाज.

१८ ऑगस्ट

वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर सापाची काचपेटी. झाकणाला रेलिनने कागद चिकटवलाय:

"ममा, किंचाळू नकोस. हा विषारी कॉपरहेड नाही, कॉर्न स्नेक आहे, बिनविषारी. पाठीवर तांबडे डाग, त्यांना काळी किनार. डोळ्यातली बाहुली गोल. पोटावर काळे-पांढरे चौकोन, कणसावर रंगीत दाणे असतात तसे. दर पाच दिवसांनी उंदराचं एक गुलाबी पिल्लू. कोमट पाण्यात ठेवून मऊ कर, चिमट्याने दे. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नकोस."

खाली अलास्काच्या कारखान्याच्या ऑफिसचा नंबर. 'अगदीच गरज पडली तर' — असं लिहिलंय.

फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी उंदरांची पिल्लं. देवा रे!

२० ऑगस्ट

डोळे मिटून चिमटा आत धरला. ओढल्यासारखं झालं. डोळे उघडले तेव्हा पिल्लू नव्हतं. झाकण लावलं, हात तीनदा धुतले.

२४ ऑगस्ट, रविवार

फोन आला! तिथे सगळ्यांना मिळून एकच फोन, तोही रविवारी.

"बिस्किट जेवला का?"

"जेवला."

"बरं. मागे रांग आहे, ममा. ठेवते."

मी जेवले का, ते नाही विचारलं. मीही तिला नाही विचारलं.

५ सप्टेंबर

पेटी रिकामी!! झाकणाची एक कडी मी दाबलीच नव्हती. बघायचं नाही म्हणून तोंड फिरवून झाकण लावते ना मी — भोग आता. कोचाखाली, बुटांत, पिठाच्या डब्यात, सगळीकडे बघितलं. पावलापेक्षा थोडा लांब आणि पेन्सिलीएवढा जाड जीव. कुठे शोधायचा?

७ सप्टेंबर, रविवार

"बिस्किट जेवला का?"

"जेवला."

१३ सप्टेंबर

सापडला!

सकाळी व्हरांड्यावर मिस्टर हॉइटचा आवाज. शेजारचे, ऐंशीचे, बागेत काहीही वळवळलं की कॉपरहेड म्हणून कुदळ घेऊन धावतात. आजही कुदळ डोक्यावर उगारलेली.

"मागे हो व्हर्ना! कॉपरहेडचं पिल्लू आहे. शेपूट बघ कसं वाजवतंय!"

पायरीखालच्या पाल्यात वेटोळं. मी कागद पाठ केलेला. तांबडे डाग — आहेत. काळी किनार — आहे. बाहुली गोल! वाकले आणि उचललाच. मी! उघड्या हाताने! अंगठ्याला चावला, टाचणी टोचावी तसा. उलटा करून पोट बघितलं. काळे-पांढरे चौकोन.

"हा आमचा बिस्किट आहे, मिस्टर हॉइट. कुदळ खाली ठेवा."

"पोरगी गेली आणि तुझं डोकंही घेऊन गेली," म्हणाले. पण कुदळ खाली ठेवली.

बारीक झालाय बिचारा. आठ दिवसांचा उपाशी ना.

१४ सप्टेंबर, रविवार

"जेवला का?" — "जेवला." आज खोटं बोलताना इतकं जड नाही गेलं. घरात तरी होता.

१९ सप्टेंबर

खात नाही. पिल्लू पुढे धरलं की तोंड फिरवतो. शेपूट आपटतो. पूर्वी असा नव्हता. माझ्यावर रागावलाय. रागवायला हक्क आहे.

२४ सप्टेंबर

नाही खाल्लं.

२९ सप्टेंबर

नाही खाल्लं. तेवीस वर्षं शाळेच्या जेवणघरात मी रोज तीनशे पोरांना वाढते. भेंडी न खाणाऱ्यालाही माझ्या हातची भेंडी खायला लावते. आणि हे बोटभर जनावर माझ्या हातचं घेत नाही. आज त्याच्यासमोर स्टुलावर बसून रडले. तो बघत होता. सापाला पापण्या नसतात, म्हणून नुसता बघतच राहतो. पण कोणीतरी बघत होतं.

हा मेला तर रेलिन दर रविवारी कशाला फोन करील? दुसरं काही विचारायचं उरलेलंच नाही आमच्यात.

२ ऑक्टोबर

भिंतीतले उंदीरही गप्प झालेत. कितीतरी दिवसांत खुडबुड नाही. त्यांचीही आठवण यावी, अशी वेळ आली माझ्यावर!

३ ऑक्टोबर

चार्ल्स्टनला सापांच्या दुकानात फोन केला. माणूस सभ्य होता, हसला नाही.

"बाई, सापाची काही पिल्लं उंदराला ओळखतच नाहीत. त्यांना सरडाच हवा असतो. सरडा धरा, उंदराच्या पिल्लावर घासा, सरडा सोडून द्या. वासावर खाईल."

"माझा आधी खात होता हो."

"असं? मग नवल आहे," म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

अर्धा दिवस व्हरांड्याच्या जाळीवर हिरव्या सरड्यांमागे. चर्चचे कपडे अंगावर. मिस्टर हॉइट कुंपणापलीकडून उकडलेले शेंगदाणे खात तमाशा बघत होते. "डावीकडे गं! डावीकडे! अगं, तुझी डावी!" शेवटी स्वतःच आले आणि टोपीखाली एक धरून दिला.

घासला. सोडला. पिल्लू चिमट्यात धरलं. या वेळी डोळे उघडे ठेवले.

जीभ बाहेर. आत. बाहेर. मग झडपच! जबडा हळूहळू पुढे सरकत गेला, आधी डोकं, मग इवले पाय, आणि गळ्याखाली एक छोटा फुगवटा. खाल्लं! जेवला गं बाई, जेवला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

फोन आला तेव्हा सगळं सांगावंसं वाटलं. सरडा, टोपी, सगळं. पण सांगणार कसं? मी तिला सांगितलेल्या हिशोबात तो कधी उपाशी नव्हताच!

"बिस्किट जेवला का?"

"जेवला," म्हटलं. आवाज फुटला माझा. ती म्हणाली, "सर्दी झालीय का तुला?"

१९ ऑक्टोबर

तीनदा जेवला. हातावर घेतलं तर मनगटाभोवती गुंडाळून बसतो. शाळेतून आले की आधी त्याच्याकडे जाते. आज कोणी काय खाल्लं, काय टाकलं, ते सांगते त्याला. मिस्टर हॉइटकडून त्याचा फोटो काढून घेतलाय. रेलिनला पाठवते. बघू दे, कसा ठेवलाय ते!

२ नोव्हेंबर, रविवार

"ममा, फोटो मिळाला. हा बिस्किट नाही."

मी हसले. म्हटलं, पोट तपासलंय मी, चौकोन आहेत, बाहुली गोल आहे.

"कॉर्न स्नेक आहे. पण बिस्किट नाही. बिस्किटच्या शेपटीचं टोक वाकडं आहे, अंड्यातून आला तेव्हापासून. दाखवलं होतं तुला. ह्याचं सरळ आहे."

दाखवलं होतं. आठवलं. ती हातावर साप घेऊन माझ्यामागे उभी होती, "ममा, इकडे बघ ना," म्हणत. मी भांडी घासत होते. "बघितलं," म्हणाले होते. वळले नव्हते.

सगळं सांगून टाकलं. कडी, पायरी, कुदळ, सरडा. पलीकडे रांगेतलं कोणीतरी खोकलं.

"म्हणजे सप्टेंबरपासून खोटं," ती म्हणाली. मग, "हा रानातला आहे, ममा. थंडी पडायच्या आत सोड त्याला." आणि फोन ठेवला.

साप कुठल्या जातीचा ते मी बरोबर ओळखलं. कोण ते नाही ओळखलं.

८ नोव्हेंबर

ऊन चांगलं होतं. पायरीशी नेऊन सोडला, जिथे धरला होता तिथेच. थोडा वेळ माझ्या मनगटावरच होता. मग पाल्यात शिरला. गेला. मिस्टर हॉइट कुदळ न घेता आले होते.

"पुन्हा दिसला तर हात लावणार नाही," म्हणाले. "पण मला कसं कळायचं, तो हाच?"

"पोट बघा," म्हटलं, आणि आत आले. पेटी पुसून ठेवली. हात सारखा मनगटाकडे जातो.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही.

१५ नोव्हेंबर

वॉशिंग मशीनमागे मोजा पडला म्हणून मशीन ओढलं. भिंतीला उंदरांचं भोक आहे तिथे एक कात होती. पातळ, कोरडी, अख्खी. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरली. अंगाने भरलेल्या सापाने टाकलेली, चांगल्या खात्यापित्या!

खिडकीशी नेऊन शेपटीकडे बघितलं. नीट. दोनदा.

टोक वाकडं आहे.

कारखान्याचा नंबर फिरवते आहे. आज शनिवार आहे. असू दे!