खुणेच्या पुढे जायचं नाही

मंगळवार, ४ मार्च

एक्केचाळीस मिळाला!! धुकेवाला, अंक एक्केचाळीस! कव्हर अर्धं फाटलेलं, मागे चहाचा डाग, पण आतली पानं शाबूत. अदलाबदलवाल्या काकांच्या दुकानात स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या ढिगाखाली दबला होता. दोन जुने अंक दिले, हा घेतला.

काका म्हणाले, "चोवीस वर्षांची घोडी झालीस, अजून चित्रांची पुस्तकं?"

म्हटलं, काका, घोडी वाचते म्हणून तुमचं दुकान चालतं.

लंच ब्रेकमध्ये आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, लेन्स घासायच्या मशीनशेजारी बसून वाचला. धुकेवाला पुलावर उभा. सहा चौकटी — एकही शब्द नाही. नुसतं धुकं एकेक कठडा खात जवळ येतंय. जाड जाड पुस्तकं वाचणाऱ्यांनी हे करून दाखवावं! भर दुपारी अंगावर काटा आला.

आणि मग पान अकरा.

आज नाही लिहिता येणार.

बुधवार, ५ मार्च

पान अकरा. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत पेन्सिलची खूण. बारीक गोल, खाली वाकडी शेपटी. बेडकाचं पिल्लू.

ती दादाची खूण आहे.

घरात प्रत्येक अंकाची प्रत एकच आणि वाचणारे दोघं. दादा नऊ वर्षांनी मोठा, म्हणून पहिला हक्क त्याचा. तो जिथे थांबायचा तिथे पिल्लू काढून ठेवायचा. नियम एकच — खुणेच्या पुढे जायचं नाही. पुढचं दोघांनी मिळून वाचायचं, म्हणजे तो सगळ्यांचे आवाज काढणार आणि मी ऐकणार. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठी वाचायला मी शाळेत नाही शिकले, धुकेवाल्याच्या बोलण्याच्या फुग्यांतून शिकले. जोडाक्षर आलं की दादा गप्प व्हायचा. मी ते फोडेपर्यंत खलनायक हात वर करून तसाच उभा!

दादाला जाऊन सात वर्षं झाली. जाऊन म्हणजे — बूट घातले, "आलोच" म्हणाला, आला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, हॉस्पिटलं पालथी घातली. तेव्हा मालिका एकोणतिसाव्या अंकावर होती.

एक्केचाळीस गेल्या वर्षी छापलाय.

शुक्रवार, ७ मार्च

दादाच्या कपाटातले जुने अंक कामावर नेले आणि भिंगाखाली दोन्ही पिल्लं शेजारी ठेवली. माझं काम तेच. दिवसभर लेन्सवर मध्यबिंदूचा ठिपका द्यायचा. अर्धा मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. खुणा मला कळतात.

गोल तसाच. शेपटी डावीकडे, तशीच. फक्त जुन्यात पेन्सिल दाबून फिरलीये, नव्यात हलकी. पण तेहेतीस वर्षांचा माणूस आहे आता, हात बदलत असेल.

दुकानाचे मालक, आमचे सर, मागून म्हणाले, "अहो मॅडम, चष्म्यात काचेऐवजी कॉमिक कधीपासून बसवायला लागलात?"

हसले.

रविवार, ९ मार्च

बाबांच्या टेबलावर वकिलांचा अर्ज. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो मेला असं कोर्टाकडून लिहून घेता येतं म्हणे. वकील म्हणाले, घरातल्या तिघांच्याही सह्या असल्या की काम सोपं. बाबांची झालीये. आईचीही! बाबांनी पेन पुढे केलं, तिने सही केली आणि कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली.

मी म्हटलं, मला वेळ हवाय.

बाबा म्हणाले, "घे. पण मला आता रोज बेल वाजली की छातीत धस्स करून घ्यायचं नाही. दमलो गं मी."

बाबांना एवढं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

काकांकडे आज अडतीस आणि चाळीस मिळाले. दोन्हींत पिल्लू!

काकांना विचारलं, हे कोण देऊन गेलं? काका डोळे वर न करता म्हणाले, "बाई गं, माणसं येतात, देतात, नेतात. मी काय प्रत्येकाची कुंडली मांडून बसतो?"

येताना रस्त्यात प्रत्येक पाठ बघितली. एक निळा शर्ट, मान खाली घालून चालणारा. धावत गेले, हाक मारली. भलताच माणूस. तो घाबरला, मी पण.

गुरुवार, १३ मार्च

आईला सांगितलं. राहवेना.

ती दवाखान्यातून येऊन पाय वर घेऊन बसली होती. दिवसभर केसपेपर लिहून बोटं वळत नाहीत म्हणते. तिच्या मांडीवर तिन्ही अंक ठेवले. आई, हे बघ. दादा आहे. इथेच आहे कुठेतरी, याच शहरात. वाचतोय!

मला वाटलं रडेल, नाहीतर म्हणेल डोकं फिरलंय. एरवी म्हणतेच, "ही चित्रं सासरी घेऊन जाणार का?"

तिने पान अकरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबांना बोलू नकोस."

आणि थोड्या वेळाने, उठता उठता — "सही नको करूस इतक्यात."

मला तिला मिठी मारायची होती. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

शनिवार, १५ मार्च

अडतिसाव्या अंकात त्याच्या पिल्लाशेजारी माझी खूण केली — लहानपणची, आडवी रेघ. म्हणजे मी इथवर आलेय. अंक काकांना परत दिला. वेडेपणा आहे. पण केला.

मंगळवार, १८ मार्च

अंक शेल्फवर नाही. कुणीतरी नेलाय!!

शनिवार, २२ मार्च

परत आलाय. माझ्या रेघेच्या पुढे, दोन पानं सोडून, नवं पिल्लू.

तो बोलतोय माझ्याशी.

दुकानातच खाली बसले. दोन पानं वाचायची परवानगी मिळाली होती, तर वाचली. धुकेवाला दार उघडतो, खोली रिकामी, खुर्ची अजून हलतेय. फुगे दादाच्या आवाजात ऐकू येत होते. खरंच ऐकू येत होते, मनातल्या मनात नाही. पुढचं पान उलटायला बोट नेलं आणि मागून कुणीतरी जीभ चटकन वाजवली, तो वाजवायचा तशी. वळले. मागे कपाट होतं, ज्योतिषाची पुस्तकं.

पान नाही उलटलं.

पण मला एक कळत नाही. माझी रेघ ओळखलीस, मग घर नाही का आठवत? बेल तीच आहे रे. एकदा वाजव.

रविवार, २३ मार्च

बाबांशी भांडण. मी बोलून गेले — तो जिवंत आहे तर खोटं का लिहून द्यायचं? बाबा म्हणाले, "कशावरून?" अंक दाखवले.

बाबांनी चष्मा काढला. माझ्याकडे असं बघितलं जसं तापातल्या माणसाकडे बघतात.

"बेटा, पेन्सिल कुणाच्याही हातात असते."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. मग परत सुरू.

बाबा म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत ठरव, एकतीस तारखेला वकील येणार आहेत. तू नाही म्हणालीस तर मी परत विचारणार नाही. असंच राहू दे मग. मरेपर्यंत.

गुरुवार, २७ मार्च

आज कामावर चूक. एका आजोबांच्या डाव्या लेन्सवर मध्यबिंदूच्या जागी ठिपक्याला शेपटी काढली. सरांनी उजेडात धरून बघितलं आणि नवी लेन्स काढून माझ्यापुढे ठेवली. तेच जास्त लागलं. आजोबांना उद्या या म्हणावं लागलं.

सोमवारी काकांकडे परत दिलेला चाळीसही कुणीतरी नेऊन परत आणलाय. त्यात तीन पिल्लं. आधी एक होतं. आता दाबून काढलेली आहेत, अगदी जुन्यांसारखी.

खूश व्हायला हवं ना मी?

शुक्रवार, २८ मार्च

उद्या सुट्टी टाकलीये. काकांच्या दुकानात दिवसभर बसणार, तो येईपर्यंत. घरी कुणाला सांगितलेलं नाही, डबा रोजच्यासारखा घेणार. काकांना म्हटलं, फक्त बसू द्या. काका नको नको म्हणत होते. मी ऐकते थोडीच!

शनिवार, २९ मार्च

काका माल आणायला बाहेर गेले होते, तेवढ्यात मी कपाटामागे जाऊन बसले. परत आल्यावर त्यांना वाटलं मी आलेच नाही.

साडेअकराला आई आली.

स्टुलावर बसली, बेचाळीस घेतला, पर्समधून पेन्सिल काढली. पान उलटलं, खूण. पान उलटलं, खूण.

काका म्हणाले, "ताई, आधी घरी न्यायचात, चार दिवस पुरवून वाचायचात. मुलाला आवडायचं म्हणून मी पण वाचते, म्हणायचात. आता हे काय?"

"आता वाचवत नाही हो. संध्याकाळी पोरगी येईल, तिला हाच द्या."

काका जेवायला बसले तेव्हा गुपचूप निसटले, संध्याकाळी परत गेले. हाच घेतला. घरी दारातूनच ओरडले — आई! बेचाळीसमध्ये पण!

बाबा अर्जासमोर बसले होते. मी म्हटलं, नाही करणार सही.

आईने ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "दाखव बघू."